परदेशी गेलेले मास्तर

बी.एड.च्या वर्षी शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरात एक टीप हमखास विचारली जायची : 'बुनियादी तालीम' किंवा 'झाकिर हुसेन समिती'. गुण पाच. आम्ही उर्दू माध्यमातले विद्यार्थी ती घडाघडा लिहीत असू. समिती १९३७ साली वर्ध्याला नेमली गेली, सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे. झाली टीप. समितीचे अध्यक्ष वर्ध्याला पोचण्याआधी कुठे होते, काय शिकले, कोणाकडून शिकले, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पाच गुणांत तेवढे बसतही नव्हते.

ते विचारण्याची वेळ माझ्यावर घरातल्या एका गोष्टीमुळे आली. माझे थोरले बंधू एका सीनियर कॉलेजात इतिहास शिकवतात. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठात चार महिने राहून शिकवण्याची आणि अभ्यास करण्याची संधी त्यांच्यापर्यंत चालून आली. प्रस्ताव पसंत पडला होता, शिफारसपत्रे जमली होती, उरले होते ते फक्त संस्थेचे ना-हरकत पत्र. अर्जावर नकाराचा शेरा कधी पडला नाही. फाइल टेबलावर राहिली आणि मुदत संपली. तोंडी मात्र दोन प्रश्न विचारले गेले : तुमचे तास कोण घेणार? आणि तुम्ही परत आलाच नाहीत तर?

पहिला प्रश्न खराच होता, हे कोणताही शिक्षक मान्य करील. एक जण आठ दिवस आजारी पडला तरी वेळापत्रकाचे काय होते ते आम्हाला माहीत आहे. पण दुसरा प्रश्न भाईजानना फार लागला. ते म्हणाले, "माझं घर इथं, अम्मी इथं, विद्यार्थी इथं. मी कुठं जाणार गं?" तेव्हापासून मी एक गोष्ट शोधत राहिले. आपल्याकडचे शिकवणारे लोक याआधी परदेशी गेले होते का? कसे गेले? आणि परत येऊन काय केले?

मौलाना शिबली नोमानी यांच्यापासून सुरुवात करावी लागते. ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात अरबी-फारसी शिकवत. त्याच कॉलेजात १८८८ पासून टॉमस आर्नल्ड नावाचे तरुण इंग्रज तत्त्वज्ञान शिकवायला आले होते. दोघांची गट्टी जमली. आर्नल्डनी शिबलींकडून अरबी शिकावी, शिबलींनी आर्नल्डकडून फ्रेंच, असा सौदा ठरला. आज ज्याला अध्यापक-विकास म्हणतात आणि ज्यासाठी प्रमाणपत्र मिळते, ते त्या दोघांनी आपापसात, कॉलेज सुटल्यावर केले. १८९२ च्या उन्हाळ्यात आर्नल्ड सुट्टीसाठी मायदेशी निघाले, तेव्हा शिबलीही रजा घेऊन त्यांच्याबरोबर मुंबईहून त्याच जहाजाने निघाले. पोर्ट सैदला दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिबली कॉन्स्टँटिनोपल, शाम आणि मिसर असे सुमारे सहा महिने फिरले.

या प्रवासातला एक प्रसंग उर्दू वाचणाऱ्यांना परिचित आहे. भर समुद्रात जहाजाचे इंजिन बंद पडले. सगळीकडे घबराट. मौलाना धावत आर्नल्डकडे गेले, तर ते शांतपणे पुस्तक वाचत बसलेले. जहाज बुडणारच असेल तर उरलेला वेळ वाया का घालवायचा, असा त्यांचा हिशेब. आमच्याकडे हा प्रसंग इंग्रजांच्या वेळेच्या कदरीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. ज्या मास्तराला आपल्या सहकाऱ्याची अशी नवलाई वाटते आणि जो ती प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, तोच प्रवासातून काही घेऊन येतो. शिबलींनी आणले ते मुख्यतः पुस्तकांविषयीचे ज्ञान. हिंदुस्थानात न मिळणारी हस्तलिखिते त्यांनी तिथल्या ग्रंथालयांत पाहिली, टिपणे काढली, आणि 'अल-फारूक' हा हजरत उमर यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १८९९ साली निघाला तो या कष्टांवर उभा होता. तिथल्या मदरशांचा अभ्यासक्रमही त्यांनी बारकाईने पाहिला आणि जे आवडले नाही ते स्पष्ट लिहिले. पुढे नदवतुल उलेमाच्या अभ्यासक्रमात बदल करण्यासाठी ते झगडले, त्याची मुळे या रजेत आहेत.

आर्नल्ड पुढे लाहोरला गेले. तिथे त्यांचा विद्यार्थी होता मुहम्मद इक्बाल. इक्बालही शिक्षकच झाले आणि १९०५ मध्ये लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातून रजा घेऊन केंब्रिजला गेले. म्युनिकची डॉक्टरेट, लंडनची बॅरिस्टरी, शिवाय लंडनमध्ये आर्नल्ड यांच्या जागी काही महिने अरबीचे अध्यापन, एवढे करून १९०८ मध्ये परतले. उस्तादाच्या गैरहजेरीत त्याचे तास शागिर्दाने घेतले, तेही लंडनमध्ये. कवी म्हणून इक्बाल सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

परत न येऊ शकलेला एक मास्तरही या यादीत आहे. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला. १९०९ मध्ये ते टोकियोच्या परकीय भाषा विद्यालयात हिंदुस्थानीचे, म्हणजे आपल्या उर्दूचे, अध्यापक झाले. जपानी तरुणांना उर्दू शिकवणारा हा माणूस 'इस्लामिक फ्रॅटर्निटी' नावाचे नियतकालिकही काढत असे. त्यातले साम्राज्यविरोधी लेखन ब्रिटिशांना खुपले, नियतकालिक बंद झाले आणि १९१४ मध्ये नोकरीही गेली. नंतर ते गदरवाल्यांत सामील झाले. डिसेंबर १९१५ मध्ये काबूलला राजा महेंद्र प्रताप यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या हंगामी हिंद सरकारचे ते पंतप्रधान. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा इंतकाल झाला. भोपाळच्या विद्यापीठाला १९८८ साली त्यांचे नाव दिले गेले. परत आले नाहीत म्हणून त्यांच्यावर कोणी ठपका ठेवणार असेल, तर त्यांच्यासाठी परतीची वाट कोणी बंद केली होती तेही त्याने पाहावे.

आता बर्लिनकडे येऊ. माझा मुख्य विषय तोच आहे.

१९२० च्या ऑक्टोबरात असहकाराच्या हाकेवर अलीगढच्या काही विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी सरकारी अनुदानावरचे कॉलेज सोडले. २९ ऑक्टोबरला जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. बाहेर पडलेल्यांत तेवीस वर्षांचे झाकिर हुसेन होते. शिकत होते आणि थोडेफार शिकवतही होते. नव्या जामियात दोन वर्षे शिकवून १९२२ मध्ये ते जर्मनीला गेले. इंग्लंडला का नाही? ब्रिटिश सरकारशी असहकार करून ब्रिटिशांच्याच विद्यापीठात जाणे मनाला पटणारे नव्हते, हे एक. दुसरे कारण पैशाचे. महायुद्धात हरलेल्या जर्मनीत चलनाची किंमत कोसळत होती आणि बाहेरून थोडे पैसे घेऊन येणाऱ्याला बर्लिनमध्ये राहणे परवडत असे. नोव्हेंबर १९२३ मध्ये नवे चलन आल्यावर ही स्वस्ताई संपली आणि हिंदी विद्यार्थ्यांचे हाल सुरू झाले.

बर्लिनमध्ये त्यांची भेट आणखी दोघांशी झाली. सय्यद आबिद हुसेन तिथे नामांकित शिक्षणतत्त्वज्ञ एडुआर्ड श्प्रांगर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होते. विषय होता हर्बर्ट स्पेन्सर यांचा शिक्षणविचार. मुहम्मद मुजीब हे लखनौच्या सधन घरातले, ऑक्सफर्डला इतिहास शिकून बर्लिनला छपाईचे तंत्र शिकायला आलेले. झाकिरसाहेबांचा प्रबंध होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतीव्यवस्थेवर. पण प्रबंधाबाहेर त्यांनी काय काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अल्फ्रेड एरनट्राइख या जर्मन साथीदाराबरोबर गांधीजींच्या विचारांवर जर्मन भाषेत पुस्तक काढले. आणि १९२५ मध्ये काव्यानी या इराणी मालकाच्या छापखान्यातून गालिबचा दीवान छापून घेतला. उर्दू पुस्तके त्या काळी आपल्याकडे बहुतेक शिळाछापावर निघत. बर्लिनचा हा दीवान टाइपात, खिशात मावेल एवढा, देखणा. त्यासाठी झाकिरसाहेबांनी स्वतः खिळे जुळवले. अर्थशास्त्राचा संशोधक दुपारी छापखान्यात उभा राहून गालिबचे शेर जुळवतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे वर्ध्याच्या अहवालात हातांच्या कामाविषयी जे लिहिले गेले, ते ज्याच्या बोटांना शाई लागली होती अशा माणसाचे लेखन होते.

म्युनिकचे शिक्षणाधिकारी गेओर्ग केर्शेनश्टायनर यांचे विचारही त्यांनी इथेच आत्मसात केले. काम म्हणजे नुसते हात हलवणे नव्हे. आधी योजना, मग कृती, मग स्वतःच्या कामाची स्वतः तपासणी, आणि हे सगळे स्वतःपेक्षा मोठ्या हेतूसाठी. तेव्हाच ते शिक्षण. आम्ही बी.एड.ला कार्यानुभवाच्या नावाखाली कागदाची फुले करून वहीत चिकटवली आणि गुण मिळवले. झाकिरसाहेबांनी ती वही पाहिली असती तर काय म्हटले असते, कोण जाणे.

इकडे जामियाची अवस्था बिकट होती. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली. खिलाफत चळवळीचा निधी हाच जामियाचा आधार होता, तो आटला. संस्था बंद करावी असे बोलले जाऊ लागले. ही बातमी बर्लिनला पोचली तेव्हा तिघांनी कळवले की आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका, आम्ही आयुष्य द्यायला तयार आहोत. हकीम अजमल खान यांनी संस्था कशीबशी तगवली, १९२५ मध्ये ती अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत हलवली. १९२६ च्या सुरुवातीला तिघेही परत आले. झाकिरसाहेब एकोणतिसाव्या वर्षी शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. नाव मोठे, कारभार भाड्याच्या घरांत.

१९२७ च्या अखेरीस हकीमसाहेब गेले आणि उरलेला आधारही सुटला. १९२८ मध्ये शिक्षकांनी स्वतःच एक अंजुमन स्थापून संस्था हातात घेतली आणि प्रतिज्ञा केली : वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांपेक्षा अधिक पगार मागणार नाही. प्रत्यक्षात मिळे त्याहून कमी, आणि तेही दर महिन्याला मिळेलच असे नाही. बर्लिनचे डॉक्टरेट आणि ऑक्सफर्डचे पदवीधर यांना त्या काळी कोणत्याही सरकारी कॉलेजाने आनंदाने घेतले असते. झाकिरसाहेबांनी मात्र १९४८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते पद सांभाळले. त्यांच्यानंतर मुजीबसाहेबांनी १९७३ पर्यंत. आबिदसाहेबांनी गटेचे 'फाउस्ट' आणि गांधीजींची आत्मकथा उर्दूत आणली.

त्यागाची गोष्ट म्हणून हे सांगायला सोपे आहे आणि आपल्या सभांत तसेच सांगितले जाते. पण मला त्यागाइतकीच दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. जामियाजवळ पैसा नव्हता, इमारत नव्हती, सरकारमान्य पदवी नव्हती. तरी बाहेर शिकून आलेल्या माणसाला तिथे त्याने शिकलेले करून पाहता येत होते. वर्गात नवे काही सुरू केले तर कोणी परिपत्रक दाखवून थांबवत नव्हते. जामियाच्या प्राथमिक शाळेचे अब्दुल गफ्फार मुधोली हे काही बर्लिनला गेलेले नव्हते. पण प्रोजेक्ट पद्धत त्या शाळेत रुजवली ती त्यांनी. मुलांची बँक, मुलांचे दुकान, त्याचे हिशेब, त्यातून गणित. 'जामिया की कहानी' हे पुस्तकही त्यांनीच लिहून ठेवले. परदेशी जाऊन येणारे तीन आणि कधीच न गेलेले, पण त्यांच्या बरोबरीने राबणारे बाकीचे, अशी ती संस्था होती. जाऊन येणाऱ्यांची नावे आपण लक्षात ठेवतो. मुधोली गुरुजींचे नाव माझ्या बी.एड.च्या पुस्तकात एका ओळीतही नव्हते.

ही वाट उलट्या दिशेनेही चालली गेली. बर्लिनमध्ये या तिघांच्या मित्रवर्तुळात गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची ज्यू तरुणी होती. लहान मुलांच्या शिक्षणात तिला रस होता. १९३३ उजाडण्याच्या सुमारास ती दिल्लीला आली आणि जामियाच्या बालवर्गात शिकवू लागली. इकडे ती मुलांत रमत होती आणि तिकडे ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू शिक्षकांना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली. जामियातली मुले तिला आपाजान म्हणत. वसतिगृहातल्या लहानग्यांची आजारपणे, कपडे, सण, सगळे आपाजानकडे. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिश सरकारने तिला शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. ज्या जर्मनीत तिला जागा उरली नव्हती, त्याच जर्मनीची म्हणून! सुटून आली ती आजारी. १९४३ मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले. जामियाच्या कब्रस्तानात तिची कबर आहे आणि तिथल्या पाळणाघराला तिचे नाव आहे. तिला कोणत्याही योजनेने पाठवले नव्हते, कोणत्याही करारात तिचे नाव नव्हते.

वर्ध्याच्या त्या पाच गुणांच्या टिपेकडे आता पुन्हा येते. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, हा त्यांचा आग्रह. समितीचे अध्यक्षपद झाकिरसाहेबांकडे आले. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, आर्यनायकम, आशादेवी ही मंडळी सदस्य होती. लीड्सला शिक्षणशास्त्र शिकून आलेले ख्वाजा गुलामुस सय्यदैनही होते. हेच सय्यदैन १९४७ मध्ये मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार झाले, म्हणजे आपल्या राज्याशीही त्यांचे नाते आहे. डिसेंबरात अहवाल सादर झाला. त्यात झाकिरसाहेबांचा हात कुठे दिसतो? अहवालात एक स्पष्ट इशारा आहे : उत्पन्नावर भर देताना शिक्षणाचा हेतू बळी जाता कामा नये. गांधीजींविषयी अपार आदर असलेला हा माणूस त्यांच्याच योजनेच्या अहवालात ही मर्यादा घालून ठेवतो. मला यात सेवाग्रामइतकेच म्युनिकही दिसते. योजनेवर टीका पुष्कळ झाली, मुस्लिम लीगने तर कडाडून विरोध केला आणि झाकिरसाहेबांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. तरी पुढची कित्येक वर्षे ते हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्ष राहिले.

स्वातंत्र्यानंतर शिक्षकांच्या परदेशगमनाला सरकारी रस्ते तयार झाले. अमेरिकेत सिनेटर फुलब्राइट यांचा कायदा १९४६ चा. महायुद्धातून उरलेले लष्करी सामान परदेशात विकून आलेल्या पैशांतून शिक्षकांची व विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करावी, ही त्यांची युक्ती. २ फेब्रुवारी १९५० ला पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत हेंडरसन यांनी करारावर सह्या केल्या. २००८ पासून दोन्ही देश त्यात खर्चाचे भागीदार झाले आणि शिष्यवृत्तीला फुलब्राइट-नेहरू असे नाव पडले. जर्मनीची देवाणघेवाण संस्था डाड ही तर १९२५ ची, आपले तिघे बर्लिनमध्ये असतानाच हायडेलबर्गला सुरू झालेली.

फुलब्राइटच्या नियमांत एक कलम आहे. शिष्यवृत्तीवर जाऊन आलेल्याने आपल्या देशात एकूण दोन वर्षे राहिल्याशिवाय त्याला अमेरिकेत स्थायिक होण्याचा किंवा नोकरीचा ठरावीक व्हिसा मिळत नाही. म्हणजे परत येण्याची काळजी परिषदा आणि सरकारे यांनी आधीच करून ठेवली आहे. १९२८ ची वीस वर्षे कोणी कायद्याने लादली नव्हती. आणि ही दोन वर्षे कायद्यातच आहेत. भाईजानना मी हे दाखवले तेव्हा ते हसले. म्हणाले, "परत येईन का, हे सगळेच विचारतात. आल्यावर मला काय करू देणार, हे कोणी बोलतच नाही."

त्यांच्या विभागात दोन जण आहेत. ग्रंथालयात इतिहासाची नवी पुस्तके शेवटची कधी आली ते रजिस्टर पाहून सांगावे लागेल. चार महिन्यांत ते तिथून जुन्या नोंदी कशा वाचायच्या, मौखिक इतिहास कसा गोळा करायचा हे शिकणार होते, आणि आमच्या गावातल्या मोमीन विणकर घरांच्या आठवणी मुलांकडून लिहून घेणार होते. त्या आठवणी सांगणाऱ्या दोन आजीबाई मधल्या काळात गेल्या.

यंदा भाईजाननी पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी पहिले जोडपत्र प्रबंधाचे नाही, वेळापत्रकाचे आहे. कोणता तास कोण घेणार, तो चार महिन्यांचा तक्ता आणि समोर सहकाऱ्यांच्या सह्या. मराठी विभागाच्या मॅडमनी दोन तास स्वतःहून घेतले. सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत, प्राचार्यांची व्हायची आहे.